वीस मिनिटांची बाजू: 'येस'चा सर्वोत्तम अल्बम कोणता?

'येस' या ब्रिटिश बँडचे दोन चाहते एकत्र आले की सर्वोत्तम अल्बमचा वाद फार वेळ लांबत नाही. त्या वादात साधारण तीन पक्ष असतात. पहिला पक्ष 'क्लोज टू द एज'चा (१९७२). हा पक्ष इतकी वर्षं जिंकत आलाय की त्यातले लोक आता युक्तिवादही करत नाहीत, नुसतं नाव सांगून थांबतात. दुसरा पक्ष 'फ्रजाइल'चा (१९७१). त्यांचं म्हणणं सरळ आहे: शेवटी गाणी महत्त्वाची, आणि 'राउंडअबाउट'सारखं गाणं या बँडने पुन्हा केलं नाही. तिसरा पक्ष सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी. तो 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'च्या (१९७३) बाजूने उभा राहतो आणि बाकीच्यांना म्हणतो, तुमच्याकडे धीर नाही.

मी पहिल्या पक्षात आहे. पण त्या पक्षाची नेहमीची कारणं, म्हणजे वादन अफाट आहे, अल्बममध्ये एकही खोट नाही वगैरे, मला पुरेशी वाटत नाहीत. वादन तर पाचही जणांचं सगळीकडेच अफाट आहे. आणि तिसऱ्या पक्षाला नुसतं हसून उडवून लावणं आपल्याला तरी परवडणारं नाही, कारण त्या अल्बमच्या मुळाशी एक तळटीप आहे आणि त्या तळटिपेत आपल्या घरातले चार शब्द आहेत.

वाद नीट करायचा तर आधी निकष ठरवायला हवा. प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल खरा प्रश्न लांबीचा आहे. तीन मिनिटांच्या गाण्याला कुणी 'तू तीन मिनिटांचं का?' असं विचारत नाही. अठरा मिनिटांच्या गाण्याला विचारावंच लागतं. त्या काळात या प्रश्नाचं निम्मं उत्तर तंत्रज्ञान देत होतं: एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, त्याहून जास्त भरलं की खाचा दाटीवाटीने कोराव्या लागत आणि आवाज बारीक होई. आपल्याकडे याच्या उलट गोष्ट आधी घडून गेली होती. ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाला तेवढ्यात राग उभा करावा लागायचा. तिथे काय गाळायचं हा प्रश्न होता. १९७२च्या लंडनमध्ये प्रश्न असा होता की वीस मिनिटं रिकामी पडली आहेत, त्यांत काय घालायचं? 'येस'चे सत्तरच्या दशकातले अल्बम मी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं म्हणून ऐकतो.

थोडी पार्श्वभूमी. गायक जॉन अँडरसन आणि बास वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांनी १९६८मध्ये लंडनमध्ये बँड उभा केला. १९७०मध्ये गिटारवर स्टीव्ह हाऊ आला आणि १९७१च्या 'द येस अल्बम'ने बँडला स्वतःचा आवाज सापडला. त्याच वर्षी कीबोर्डवर टोनी केच्या जागी रिक वेकमन आला. ड्रमवर सुरुवातीपासून बिल ब्रूफर्ड होता. या पाच जणांनी दोनच स्टुडिओ अल्बम केले: 'फ्रजाइल' आणि 'क्लोज टू द एज'.

'फ्रजाइल'मध्ये नऊ तुकडे आहेत. चार सगळ्या बँडचे, पाच एकेकट्याचे. हाऊचा गिटारवरचा 'मूड फॉर अ डे' आहे, वेकमनने ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीतला एक भाग कीबोर्डवर वाजवलाय, ब्रूफर्डचा तुकडा तर जेमतेम पस्तीस सेकंदांचा आहे. बँडच्या चार गाण्यांतली 'राउंडअबाउट' आणि 'हार्ट ऑफ द सनराइज' कुणीही कुठेही आणून ठेवावीत इतकी पक्की आहेत. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना 'राउंडअबाउट' माहीत झालं ते 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या ॲनिमेच्या शेवटी वाजतं म्हणून, आणि तिथेही ते उपरं वाटत नाही. पण दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद इथेच सुटतो. गाणी महत्त्वाची हे मान्य केलं तर 'फ्रजाइल' म्हणजे चार थोर गाणी आणि मधे पाच ओळखपत्रं. लांबीचा प्रश्न त्याने अजून स्वतःला विचारलेलाच नाही.

'क्लोज टू द एज'मध्ये तीनच रचना आहेत आणि सगळा अल्बम अडतीस मिनिटांच्या आत संपतो. पहिली बाजू पूर्णपणे शीर्षकगीताची, पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास. अँडरसनच्या डोक्यात हेर्मान हेसची 'सिद्धार्थ' ही कादंबरी होती. पाण्याचा आणि पाखरांचा आवाज हळूहळू वाढतो आणि एकदम गिटारचा कल्लोळ सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की पाच जण पाच वेगळ्या खोल्यांत वाजवताहेत. मधेच सगळे थांबतात, फक्त आवाज येतो, पुन्हा कल्लोळ. मग हाऊ एक स्वच्छ धून वाजवतो आणि गोंधळाला दिशा मिळते.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. रचनेचे चार भाग आहेत. पहिल्या भागातली कडव्याची चाल दुसऱ्या भागात परत येते, पण तिच्याखालचा बास आणि ठेका बदललेला असतो. चाल तीच, पायाखालची जमीन वेगळी. तिसऱ्या भागात सगळं थांबतं. वाद्यं जवळजवळ नाहीशी होतात आणि दोन वेगळ्या गाण्याच्या ओळी एकमेकींवरून संथपणे सरकत राहतात. तिथून वेकमनचा चर्च ऑर्गन उठतो. तो लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे. हा ऑर्गन ऐन भरात असताना सिंथेसायझर त्याला कापत येतो, ठेका परततो, वेकमनचा हॅमंड धावतो आणि शेवटी पहिली चाल पुन्हा येते. पण आता ती पहिल्यासारखी ऐकूच येत नाही. मधल्या शांततेतून गेलेल्या कानाला ती पोचल्यासारखी वाटते. मग पुन्हा पाणी आणि पाखरं.

या शेवटाला जे वजन आहे ते पाच मिनिटांत आलं नसतं. चाल विसरायला वेळ लागतो, आणि विसरल्याशिवाय ती परत आल्याचा आनंद नाही. लांबीच्या प्रश्नाला मला हे उत्तर पटतं: रचना तेवढी लांब आहे कारण तिला काहीतरी विसरायला लावायचं आहे.

हे सगळं आखून झालं असंही नाही. बँड आणि ध्वनिमुद्रक-सहनिर्माता एडी ऑफर्ड यांनी ॲडव्हिजन स्टुडिओत ही रचना छोट्या छोट्या तुकड्यांत वाजवून, टेप कापून आणि चिकटवून उभी केली. प्रत्येक जोड भांडून ठरायचा. ब्रूफर्ड या पद्धतीला इतका कंटाळला की ध्वनिमुद्रण संपल्यावर बँड सोडून 'किंग क्रिम्सन'मध्ये गेला. या भांडणाची किंमत बँडने मोजली, पण ऐकणाऱ्याला त्याचा फायदा झाला. ज्या तुकड्याची बाजू कुणी ठामपणे मांडू शकलं नाही तो टेपवर टिकला नाही.

आता ती तळटीप. मार्च १९७३मध्ये, टोकियोच्या हॉटेलात, अँडरसन परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचत होता. त्यात एका तळटिपेत शास्त्रांचे चार प्रकार सांगितले आहेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. अँडरसनला चार बाजूंचा डबल अल्बम तिथेच दिसला. एकेका प्रकाराला एक बाजू, एकूण ऐंशीहून थोडी जास्त मिनिटं. स्टीव्ह हाऊ त्याच्या सोबत होता. ब्रूफर्डच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटसह बाकीच्यांनी कमीअधिक उत्साहाने साथ दिली. सगळ्यात कमी उत्साह वेकमनचा. त्याची तक्रार त्याने नंतर पुष्कळदा बोलून दाखवली आहे: ऐवज एका तबकडीहून जास्त होता, पण दोन भरतील इतका नव्हता, म्हणून ताणला. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच करी मागवून खाल्ली हा किस्सा तोच सांगतो. १९७४मध्ये तोही बँड सोडून गेला.

आपल्याकडे या अल्बमबद्दल दोन सोप्या प्रतिक्रिया येतात. एक अभिमानाची: बघा, आपली शास्त्रं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आली. दुसरी कुत्सित: एका तळटिपेवर चार बाजू! दोन्ही प्रतिक्रिया अल्बम न ऐकताही देता येतात, आणि म्हणून दोन्ही निरुपयोगी आहेत. तळटिपेवरून मोठी कलाकृती होऊ शकते. बीज केवढं होतं यावरून झाड ठरत नाही. उसन्या घेतलेल्या शब्दांचं संगीतात काय झालं, एवढंच बघायला हवं.

पूजेच्या संकल्पात 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' हा शब्द अर्थ न कळता ऐकत मोठं झालेल्या माणसाला इथे एक वेगळा कान मिळतो. श्रुती म्हणजे ऐकलेलं. संगीतकाराला याहून चांगली देणगी कोण देणार? पण पहिली बाजू ऐकण्याबद्दल काही करत नाही. ती एक चांगली, चढत जाणारी, नेहमीच्या पद्धतीची 'येस' रचना आहे. स्मृती हा धर्मशास्त्राचा प्रकार आहे, मनुस्मृती-याज्ञवल्क्यस्मृतीतला. अँडरसनने त्याचा शब्दार्थ उचलला आणि दुसरी बाजू आठवणींची केली. या गैरसमजाबद्दल मी तक्रार करणार नाही, कारण वेकमनच्या कीबोर्डच्या भरती-ओहोटीमुळे तीच बाजू आपल्या नावाला सर्वांत जास्त जागते. पुराण म्हटलं की आपल्याला गोष्ट आठवते. गोष्टीतून फुटणारी गोष्ट, सांगणारा आणि ऐकणारा. तिसऱ्या बाजूत गोष्ट नाही. लुप्त संस्कृतींचे उल्लेख आहेत आणि सूर्याच्या निरनिराळ्या भाषांतल्या नावांची यादी. हाऊची गिटार आणि व्हाइटचे ठेके यांच्यातलं ते घर्षण धाडसी आहे, शेवटचा साध्या गिटारवरचा भाग तर सुंदर आहे. पण त्या दोहोंत वाट नाही. दोन शेजारी एका भिंतीला टेकून उभे राहावेत तसे ते आहेत.

माझ्या कामात हे रोज दिसतं. कधी आधी फोल्डरांची रचना ठरते, नावं दिली जातात, मग त्या नावांना शोभेल असा कोड लिहिला जातो. एखादा फोल्डर जवळजवळ रिकामा राहतो, पण काढून टाकायची कुणाची हिंमत होत नाही, कारण आराखड्यात तो आहे. 'टेल्स'मध्ये आराखडा असा आधी आला. चार प्रकार म्हणजे चार बाजू, आणि बाजू म्हणजे वीस मिनिटं. मग कुठलाही तुकडा कापायचा प्रश्नच उरत नाही, कारण कापला तर बाजू अपुरी पडेल.

तिसऱ्या पक्षातले माझे मित्र इथे ख्यालाचा दाखला देतात. तासभराचा विलंबित ऐकणाऱ्याने वीस मिनिटांना लांब म्हणू नये! पण ख्यालाची लांबी आधी ठरलेली नसते. गवई एका स्वरावर थांबतो, त्याच्याभोवती फिरतो, आणि पुढच्या स्वराची गरज आपल्याला वाटू लागली की तिकडे जातो. ती लांबी तिथल्या तिथे कमावलेली असते. धीराची अपेक्षा दोन्हीकडे आहे, पण ख्याल धीराची परतफेड करत जातो. 'टेल्स' बऱ्याचदा उधारी वाढवतो.

तरीही या अल्बमची चौथी बाजू मी सोडून देऊ शकत नाही. 'रिच्युअल'मध्ये स्क्वायरच्या बासनंतर ताल आणि आघातांचा एक दणदणीत गदारोळ येतो आणि तो ओसरल्यावर प्रेमाचं एक साधं गाणं उरतं. बँडला इथे एक युक्ती सापडली होती. तिचं पुढे काय झालं ते 'रिलेयर'मध्ये (१९७४) ऐकू येतं. वेकमनच्या जागी पॅट्रिक मोराझ आला होता. 'द गेट्स ऑफ डिलिरियम' ही टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'वरून सुचलेली, बावीसेक मिनिटांची, पुन्हा एकच बाजू व्यापणारी रचना. युद्धाची तयारी, मग युद्ध. भंगारातून आणलेले मोटारीचे भाग बडवून काढलेला तो धातूचा कल्लोळ आजही कानाला त्रास देतो, आणि द्यायलाच हवा. त्याच्या राखेतून शेवटची प्रार्थना येते तेव्हा 'रिच्युअल'मधली युक्ती तिच्या गरजेपर्यंत पोचलेली असते: इतकी शांतता हवी असेल तर इतका विध्वंस आधी ऐकावा लागेल. म्हणून माझ्या यादीत 'रिलेयर' दुसरा, 'फ्रजाइल' तिसरा. वेकमन परतल्यावरच्या 'गोइंग फॉर द वन'मधलं (१९७७) 'अवेकन' एकटं या रांगेत बसतं, अल्बम नाही. १९८३च्या '९०१२५'पर्यंत येताना लांबीचा प्रश्नच बँडने सोडून दिला होता, तेव्हा त्याचा हिशोब वेगळा.

'टेल्स' चौथा. हा क्रमांक लावताना मला एका सवयीशी भांडावं लागतं, आणि ती फक्त संगीतापुरती नाही. मराठीतही जाडजूड कादंबरी आली की आपण तिच्या आवाक्याचं कौतुक आधी करतो. आवाका भरला का, हे विचारायला संकोचतो. विचारलंच तर 'निदान कुणी एवढं मोठं काही करायला तर गेलं' असं उत्तर मिळतं. महत्त्वाकांक्षेचा आदर करायचा तर तिने स्वतःच मांडलेल्या मापाने तिला मोजायला हवं. 'टेल्स'ने चार शास्त्रांचं माप मांडलं आणि ते त्याला मोठं पडलं. 'क्लोज टू द एज'ने एका नदीचं माप मांडलं, आणि अठरा-एकोणीस मिनिटांत ती नदी वाहून दाखवली.

आज स्ट्रीमिंगवर बाजू नावाची गोष्ट उरलेली नाही. वीस मिनिटांची भिंत गेली. कुणीही दोन तासांची रचना चढवू शकतो. त्यामुळे हा जुना वाद मला उलट जास्त निकडीचा वाटतो. कुठे थांबायचं हे आता तबकडी सांगणार नाही. ते रचनेलाच माहीत असावं लागेल.