‘गार्डन रीच’चे मूल्यमापन : एक पुनर्विचार

पुण्यातील संगमानंतर मुळा-मुठेचा एकत्र प्रवाह पूर्वेकडे वळतो आणि यवतच्या उत्तरेकडून दौंड तालुक्यातून वाहत जाऊन भीमेस मिळतो. याच नदीच्या काठी, पुणे शहरी, ससून घराण्याने १८६२ ते १८६४ या काळात ‘गार्डन रीच’ हा प्रासाद उभारला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरपासून या वास्तूचे वर्णन बहुधा एकाच पद्धतीने होत आले आहे : प्रथम इमारतीची शोभा, मग बागांची रचना, शेवटी मालकाची कीर्ती. ही पद्धती अपुरी आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पहिला आक्षेप संज्ञेविषयी आहे. ससूनांना सरसकट ‘उद्योगपती’ म्हटले जाते. परंतु बगदाद सोडून १८३२ मध्ये मुंबईस आलेले डेव्हिड ससून हे मूलतः व्यापारी होते. कापूस, सूत आणि चीनकडे जाणारी अफू यांच्या व्यापारावर त्यांची संपत्ती उभी राहिली. घराण्याच्या कापड गिरण्या मुंबईत उभ्या राहिल्या त्या पुढील पिढ्यांच्या हातून. तेव्हा हा प्रासाद गिरणीच्या नफ्यातून उभा राहिला असे मानणे कालविपर्यासाचे होय.

दुसरा मुद्दा बांधकामाच्या वर्षांचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. हा पूर १८६५ मध्ये ओसरला. ‘गार्डन रीच’ची तिन्ही वर्षे या तेजीच्या आत पडतात. पुण्याहून यवतवरून पुढे जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता आणि १८६० मध्ये तो सोलापूरपर्यंत पोहोचला होता. सोलापूरकडील माल त्यामुळे यवतवरूनच मुंबईस जाऊ लागला. नदीकाठच्या वास्तूचे वर्णन करताना या लोहमार्गाचा उल्लेख वर्णनकार करीत नाहीत. तो केल्यावाचून तिचा काळ समजत नाही.

तिसरा मुद्दा रचनेचा. पुण्याचा परंपरागत वाडा चौकाभोवती आत वळलेला असतो. रस्त्याला तो भिंतच दाखवितो. ‘गार्डन रीच’ बागेकडे व नदीकडे उघडणारी आहे. घाटावरची सार्वजनिक नदी येथे खाजगी दृश्याचा भाग होते. मात्र एवढ्यावरून तिला केवळ विलासाचे प्रतीक ठरविणेही न्याय्य नव्हे. तिचे रचनाकार कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनीच ससूनांच्या देणगीतील रुग्णालयाचा व ‘ओहेल डेव्हिड’ या यहुदी प्रार्थनामंदिराचा आराखडा केला. दोहोंचे काम १८६३ मध्ये सुरू होऊन १८६७ मध्ये पूर्ण झाले. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच निवर्तले. त्यांची समाधी त्या प्रार्थनामंदिराच्या आवारात आहे.

निवास, रुग्णालय, प्रार्थनास्थान आणि समाधी या चारही वास्तू एकाच घराण्याच्या, एकाच दशकातील आहेत. त्यांपैकी प्रासाद विलासाच्या रकान्यात आणि रुग्णालय दानधर्माच्या रकान्यात घालण्याची रूढी सोईची असली, तरी ती दिशाभूल करणारी आहे. दान आणि वैभव यांचा उगम एकच होता आणि त्यात अफूचाही अंश होता. हे सांगितल्याने रुग्णालयाचे मोल कमी होत नाही, आणि न सांगितल्याने प्रासादाचे सौंदर्य वाढत नाही.

डेव्हिड यांचे पुत्र सर अल्बर्ट पुढे इंग्लंडला स्थायिक झाले आणि १८९६ मध्ये तेथेच वारले. घराण्याचे नाव पुणेकरांच्या तोंडी राहिले ते प्रासादामुळे नव्हे, तर रुग्णालयामुळे. सर्वांस प्रवेश असलेली वास्तू लोकस्मृतीत टिकली आणि मोजक्यांनाच खुली असलेली विस्मृतीत गेली, हा लोकांनी केलेला निवाडा अभ्यासकाने ध्यानी घ्यावा. परंतु जतनाचा निकष केवळ लोकस्मृती असू नये. ‘गार्डन रीच’ राखावयाची ती तिच्यामागील व्यापारासह. अन्यथा आपण केवळ दगडविटा राखू.