दाबसंवेदी सुरक्षासाधने आणि मळणीयंत्र : एक चिकित्सा

औद्योगिक यंत्रसुरक्षेच्या विवेचनात दाबसंवेदी चटई व दाबसंवेदी कड या साधनांना महत्त्वाचे स्थान आहे. चटईवर पाय पडला किंवा कडेला शरीराचा स्पर्श होऊन दाब आला की यंत्राला थांबण्याचा संकेत जातो. त्यांच्या कसोट्या आयएसओ 13856 या मानकमालेने निश्चित केल्या आहेत. तथापि, ही संकल्पना कारखान्याच्या भिंतीबाहेर कितपत टिकते? बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावाच्या शिवारात धोक्याचे यंत्र म्हणजे प्रामुख्याने ट्रॅक्टरवर चालणारे मळणीयंत्र होय.

चटईचे सारे गणित यंत्राला थांबण्यास लागणाऱ्या वेळेवर उभे आहे. आयएसओ 13855 च्या 2010 च्या आवृत्तीनुसार, सेकंदाला 1600 मिलिमीटर या चालण्याच्या वेगाला थांबण्याच्या वेळेने गुणून त्यात 1200 मिलिमीटर मिळवावे लागतात. अर्ध्या सेकंदात थांबणाऱ्या यंत्राला 2 मीटर अंतर पुरते. मळणीयंत्राचा जड ड्रम मात्र शक्ती तोडल्यावरही फिरत राहतो. त्याला 10 सेकंद लागतात असे गृहीत धरले, तर हे अंतर 17.2 मीटर होते. खळे संपेल, पण चटई संपणार नाही! त्याहून मूलभूत आक्षेप असा की, जेथे माणसाने यंत्र चालू असताना जाऊ नये अशा जागेसाठी चटई असते. येथे तर सुडीतले सोयाबीन कवेत घेऊन मजूर यंत्राच्या तोंडाशीच उभा असतो.

म्हणूनच भारतीय मानक आयएस 9020 ने संवेदनापेक्षा अंतरावर भिस्त ठेवली, हे योग्यच झाले. माल टाकण्याची पन्हळ किमान 900 मिलिमीटर लांब व त्यातील 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, 1983 ने मळणीयंत्राचा नावानिशी समावेश केला. परंतु त्याचा भर उत्पादक व विक्रेत्याच्या परवान्यावर राहिला. विक्रीनंतर माल झपाट्याने ओढला जावा म्हणून पन्हळ आखूड करून घेतली, तर परवाना निरर्थक ठरतो.

याची किंमत कोण मोजतो? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात; मात्र पात्रता खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. पन्हळीशी उभ्या असलेल्या भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते.