बालाबुश्काचा क्यू : नांव आणि गुण

उत्तम उपकरण कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मिरजेचा तंबोरा पारखून घेणारा गवई भोपळ्यावरील नक्षी पाहत बसत नाहीं. तो तार छेडतो आणि कान देतो. परंतु तोच तंबोरा एकदां एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यांत कांचेआड जाऊन बसला, म्हणजे त्याचें वय, त्याची नक्षी आणि कारागिराचें नांव एवढेंच बोलूं लागतें. तार मुकी होते. अमेरिकेंत पूल नांवाच्या खेळाच्या काठीची, म्हणजे क्यूची, पुष्कळ अंशीं हीच गत झाली आहे. ह्या काठ्या घडविणाऱ्या कांहीं कारागिरांस तेथें व्हायोलिन करणाऱ्या स्त्रादिव्हारीच्या पंक्तीस बसवितात, आणि त्यांत अग्रपूजेचा मान जॉर्ज बालाबुश्का याला देतात. हा मान त्याच्या नांवाला मिळतो कीं त्याच्या कामाला, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पूल हें बिलियर्डचें अमेरिकन भावंड. बनातीनें मढविलेल्या सहा खिशांच्या टेबलावर पांढऱ्या चेंडूस क्यूच्या टोंकानें टोला द्यावयाचा आणि त्याच्याकरवीं इतर चेंडू खिशांत पाडावयाचे, एवढाच या खेळाचा सांगाडा. फार पूर्वी बिलियर्डचे चेंडू रुंद तोंडाच्या दांडक्यानें ढकलीत असत. चेंडू कडेला चिकटून राहिला कीं तें रुंद तोंड अडचणीचें होई; म्हणून खेळाडू दांडकें उलटें करून त्याच्या शेपटीनें मारूं लागले. फ्रेंच भाषेंत शेपटीला क्यू म्हणतात. पुढें ती शेपटीच सर्वस्व झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँगो नांवाच्या एका फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्यानें क्यूच्या टोंकास चामड्याची टिकली बसविण्याची रीत रूढ केली, आणि चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. एवढ्याशा टिकलीनें खेळाचें व्याकरणच बदललें. म्हणूनच क्यूची चर्चा ही केवळ सुतारकामाची चर्चा नव्हे.

पूलचा क्यू सामान्यतः ५८ इंच लांब, १८ ते २१ औंस वजनाचा आणि टोंकाशीं सुमारें १३ मिलिमीटर जाडीचा असतो. तो दोन तुकड्यांचा असून मध्यें पेंचाचा सांधा असतो. पुढचा निमुळता भाग कठीण मेपलचा. मागच्या बुंध्यांत मेपलमध्यें अबनुसाचीं किंवा शिसवाच्या जातीचीं जड लांकडें भाल्याच्या पात्यांप्रमाणें पाचरून बसविलेलीं असतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. पण मुळांत ती जड बुंधा आणि हलका शेंडा यांना एकजीव करण्याची युक्ति आहे. या विद्येंतील जुना आचार्य म्हणजे शिकागोचा हर्मन रॅम्बो. तो १९६७ सालीं वारला. विली हॉप आणि विली मॉस्कोनी यांसारख्या अव्वल खेळाडूंनीं त्याचे क्यू वापरले, आणि त्याची कीर्ति जाहिरातींतून नव्हे तर त्यांच्या हातांतून पसरली.

बालाबुश्काचा जन्म १९१२ सालीं रशियांत झाला. १९२४ सालीं तो अमेरिकेंत आला आणि लांकूडकामावर पोट भरूं लागला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत राहणाऱ्या या माणसानें १९५९ सालीं मित्रांना भेट देण्यासाठीं कांहीं क्यू केले. ते इतके पसंत पडले कीं पुढें तोच त्याचा व्यवसाय झाला. १९७५ सालीं तो निवर्तला. अवघ्या सोळा वर्षांत त्याच्या हातून हजार-बाराशे क्यू तयार झाले असावेत, असा जाणत्यांचा अदमास आहे.

आतां त्याच्या कीर्तीविरुद्ध दोन आक्षेप घेतां येतील. पहिला असा कीं, ज्या पाचरबंदीवर लोक लुब्ध होतात ती पुष्कळदां त्याची नव्हेच. आरंभीं तो ब्रन्झविक कंपनीच्या टायटलिस्ट नांवाच्या, क्लबांत भिंतीला लावून ठेवावयाच्या साध्या काठ्या घेऊन त्यांपासून आपले क्यू करी. पुढें शिकागोचा बर्टन स्पेन आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनियाचा गस झाम्बोटी यांनीं सांधलेले कच्चे दांडे तो वापरी. दुसरा आक्षेप अधिक गमतीचा आहे. १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या बोलपटानें बालाबुश्काचें नांव घरोघर नेलें. पण त्यांत बालाबुश्का म्हणून जो क्यू दाखविला आहे, तो वस्तुतः जॉस या दुसऱ्याच कारखान्याचा होता! लाखों प्रेक्षकांनीं नांव ऐकून ज्या वस्तूला मनोमन नमस्कार केला, ती वस्तु तेथें नव्हतीच. नांवाचा महिमा तो हाच.

तथापि पहिल्या आक्षेपांत वाटतो तितका जोर नाहीं. शब्द कवीनें निर्माण केलेले नसतात, म्हणून कविता त्याची नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. कच्चा दांडा हातीं आल्यावर त्याला किती निमुळता करावयाचा, वजनाचा तोल कोठें ठेवावयाचा, सांधा किती नेमका बसवावयाचा, शेंड्यासाठीं कोणतें मेपल घ्यावयाचें आणि कोणतें टाकून द्यावयाचें, हे निर्णय त्याचे स्वतःचे होते. लांकूड ही जिवंतपणीं पाणी प्यालेली वस्तु आहे. कापल्यावरही ती हवेंतील ओल घेते, सोडते आणि वांकते. म्हणून थोडें कांतून दांडा टांगून ठेवावयाचा, तो वांकतो कीं काय हें पाहावयाचें आणि मग पुन्हां थोडें कांतावयाचें, असा या धंद्याचा सावकाश क्रम आहे. टाकून देण्याचें धैर्य आणि थांबण्याचा संयम हे दोन गुण ज्याच्यापाशीं नाहींत, त्यानें शिंपला आणि हस्तिदंत कितीही जडविला तरी त्याचा क्यू शोभेचाच राहणार.

येथवर सर्व ठीक. पण अलीकडच्या शास्त्रानें या पूज्य परंपरेला एक अवघड प्रश्न विचारला आहे. चेंडूच्या मध्याच्या बाजूला टोला दिला असतां चेंडू नेम धरलेल्या रेषेवरून किंचित् विरुद्ध बाजूस सरकतो. ही चूक शेंड्याच्या अगदीं पुढच्या कांहीं इंचांतील वजनावर अवलंबून असते, असें प्रयोगांनीं दिसून आलें. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत प्रेडेटर या कारखान्यानें मेपलच्या दहा फांकी चिकटवून, टोंकाशीं पोकळ ठेवलेला शेंडा बाजारांत आणला. आतां तर कार्बनच्या तंतूंचेही शेंडे निघाले आहेत. या एका कसोटीवर बालाबुश्काचा भरीव शेंडा हरतो, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. शिवाय टिकली आणि चेंडू यांचा स्पर्श एका सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागापुरता टिकतो. टोल्याची जी ‘गोडी’ जुने खेळाडू वाखाणतात, ती हाताला जाणवते तेव्हां चेंडू निघून गेलेला असतो!

मग ती गोडी हा केवळ भ्रम समजावयाचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हाताला पोंचणारा तो कंप व कानाला पोंचणारा तो नाद झालेल्या टोल्याचें कारण नसेल. पण त्या टोल्याचा तो वृत्तांत असतो. टोला मध्यावर बसला कीं चुकला, हात सैल होता कीं आंवळलेला, हें त्यांतून कळतें आणि पुढचा टोला त्यावरून सुधारतो. ज्या क्यूचा सांधा ढिला, लांकूड बेभरंवशाचें, तो आज एक सांगतो आणि उद्यां दुसरें. थोर क्यू तोच, जो हाताला रोज तेंच सत्य सांगतो. मग तो मेपलचा असो कीं कार्बनचा. नाचतां येईना अंगण वांकडें, ही सबब तो खेळाडूला ठेवीत नाहीं. बालाबुश्काचा खरा गुण आम्हीं येथें मानतों. त्याचा क्यू चुका टाळीत नव्हता; परंतु झालेली चूक लपवीत नव्हता.

आणि म्हणूनच त्याच्या नशिबीं आलेला कांचेचा कपाट पाहून खेद होतो. आज त्याच्या क्यूला हजारों डॉलर पडतात. इतकी किंमत मोजणारा संग्राहक त्याच्या टिकलीला खडू लावण्यास धजत नाहीं. जो कारागीर मित्रांना खेळण्यासाठीं क्यू भेट देत देत नांवारूपास आला, त्याचें काम न खेळतां जपून ठेवणें हा आदर खरा, पण अपुरा. असा क्यू ज्याच्या घरीं असेल त्यानें निदान महिन्यांतून एकदां तो बनातीवर आणावा. त्याला जें सांगावयाचें आहे तें तेथेंच ऐकूं येतें.