बाल न्याय कायद्यातील ‘योग्य व्यक्ती’ : बोईसर-तारापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बालगुन्हेगारीविषयीची चर्चा बहुधा कायदा सौम्य असावा की कठोर, याच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत टिपणात, हा कायदा प्रत्यक्षात कोणत्या मुलापर्यंत पोहोचतो, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 च्या कलम 12 नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकास जामीन देणे हा नियम व नाकारणे हा अपवाद होय. जामीनदार नसल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे सुपूर्दगी, असे पर्यायही कायद्याने दिले आहेत.

पुण्यात मे 2024 मध्ये मोटार अपघातात दोघांचा बळी गेला. बाल न्याय मंडळाने 300 शब्दांच्या निबंधाची अट घालून त्याच दिवशी जामीन दिला. पुढे मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले. मात्र 25 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. टीका निबंधावर केंद्रित झाली. मुलासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाणारे नातलग होते, ही बाब मात्र दुर्लक्षित राहिली.

तारापूर औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारातून कामासाठी आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. पालक दूर गावी आणि कलम 94 ला अपेक्षित असलेला वयाचा दाखला गावच्या शाळेत. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबातील मुलाचीही अडचण अशीच असते. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण न झाल्यास ती शिथिल करण्यासाठी मुलाला मंडळापुढे हजर करावे, असे कायदा सांगतो. परंतु त्यासाठी पाठपुरावा करणारे कोणी नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहण्याचा धोका संभवतो.

याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे एप्रिल 2020 मध्ये जमावाने तिघांची हत्या केली. त्यानंतर ताब्यात घेतलेल्या 110 जणांत 9 अल्पवयीन होते. गुन्ह्याचे गांभीर्य निर्विवाद आहे. तथापि सार्वजनिक चर्चेत ही मुले केवळ संख्या म्हणून उरली. कलम 74 नुसार त्यांची ओळख गुप्त राहणे योग्यच. पण त्यांच्या शिक्षणाचे व पुनर्वसनाचे काय झाले, हे विचारण्यास त्या कलमाची आडकाठी नाही.

निष्कर्ष

कायद्याची उणीव सौम्यतेत नसून, एकाकी मुलासाठी ‘योग्य व्यक्ती’ शोधण्याची यंत्रणा अपुरी असण्यात आहे. जामीन मिळूनही सात दिवसांनंतर निरीक्षणगृहात राहिलेल्या मुलांची संख्या, नावे वगळून, जिल्हानिहाय प्रसिद्ध व्हावी. समाजकार्य व विधी शाखेच्या महाविद्यालयांनी या कामी परिवीक्षा अधिकाऱ्यांना साहाय्य करावे, असे सुचवावेसे वाटते.