जुनं पाणी आणि घाईचा निष्कर्ष

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय मोठ्या टाकीत कसं हलवायचं, हे सांगणाऱ्या लेखांत एक सल्ला हमखास भेटतो: जुनं पाणी जपून न्या, त्यात 'चांगले' जिवाणू असतात. पुरावा? 'आम्ही नेलं, अमोनिया शून्यच राहिला.'

आता हा पुरावा जरा तपासू. पाण्याबरोबर जुने दगडही गेले की! अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः दगड, वाळू, फिल्टर यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. पाण्यात तरंगणारे त्या मानाने फारच थोडे. म्हणजे काम दगडांचं आणि हार पाण्याच्या गळ्यात. जुने दगड पण पाणी पूर्ण नवं, अशी एक टाकी तुलनेला ठेवली असती तर हे कळलं असतं. (घरी दोन टाक्या कोण ठेवणार, हे मान्य. पण मग दावाही तेवढाच करावा.)

सल्ला अगदीच टाकाऊ नाही. जुन्या पाण्यामुळे माशांना बदलाचा धक्का कमी बसतो. पण नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा जुन्याशी जुळवला, साधारण १.०२५ सापेक्ष घनता, तरी तेच साधतं. खरी जोखीम वाळूत आहे. जुना, जाड थर ढवळला की साचलेली घाण, अमोनिया, कधी हायड्रोजन सल्फाइडही वर येतो. त्यात समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास, म्हणजे अमोनियाचा विषारी भाग जास्त. आणि वाळू धुऊन घेतली की तशीच ओतली, हे अनुभव लिहिणारे बहुतेकदा सांगतच नाहीत.