हा तोच देवदत्त : घरातले फोटो आणि स्मरणरंजन



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो 'घरातले फोटो आणि जुन्या आठवणी'. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा विषय का, असं काहींना वाटलं असेल. पण मला विचाराल तर हा विषय तत्त्वज्ञानाचाच आहे, आणि समीक्षेचाही. आपण कवितेची समीक्षा करतो, नाटकाची करतो. ज्या घरात एकही कवितासंग्रह नाही त्या घरातही अल्बम असतो, आणि पाहुणे आले की तो बाहेर निघतो. त्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. आज तासाभरात तेवढं करू या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असेल तर अडचण नको. (हशा) आपण समजतो की फोटोत आठवण साठवलेली असते. ती तशी नसते. फोटो हा अर्धा पुरावा आहे. उरलेला अर्धा, तो फोटो दाखवून 'ही कोण' ते सांगणाऱ्या माणसाकडे असतो. आणि तो माणूस आपल्या घरांतून झपाट्याने जातो आहे.

आता शब्दापासून सुरुवात करू. इंग्रजीतल्या नॉस्टॅल्जियाला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमध्ये बनवला. बनवला तो एका आजाराचं नाव म्हणून. घरापासून लांब गेलेल्या माणसांना घराच्या ओढीने येणारं दुखणं, असा त्याचा अर्थ. म्हणजे हा शब्द मुळात गावाकडून आलेल्या, पाळी करणाऱ्या, खोलीत सातआठ जणांनी राहणाऱ्या माणसाचा आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या निवृत्त प्राध्यापकाचा नव्हे.

आपला मराठी शब्द मात्र वेगळंच काही सांगतो. रंजन म्हणजे मनोरंजन हा अर्थ आपल्याला माहीत आहे. पण धातू आहे रञ्ज्, रंगवणे. स्मरणरंजन म्हणजे स्मरणाला रंग देणं. भिवंडीत हे समजावून सांगायची गरज नाही. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. रंग नंतर चढतो, आणि दुसरीकडे कुठेतरी चढतो. फोटो हे तसं ग्रे कापड आहे असं समजा. बघणारा त्याला रंगवतो. मग प्रश्न असा की, रंगवणारा खोटं बोलतो का?

इथे मी तुम्हाला आपल्या न्यायदर्शनाकडे नेतो. घाबरू नका, थोडंच. नैयायिक स्मृती आणि अनुभव यांत फरक करतात. पूर्वी काही अनुभवलं, त्याचा मनावर संस्कार राहिला, तो जागा झाला, ही स्मृती. समोर आत्ता काही नसतं, केवळ संस्कार. पण आणखी एक प्रकारचं ज्ञान आहे, त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'सोऽयं देवदत्तः', हा तोच देवदत्त. देवदत्ताला मी पूर्वी काशीत पाहिलं होतं, आज तो मला इथे बाजारात दिसतो. डोळ्यांना आत्ताचा देवदत्त दिसतो आणि मनातला संस्कार म्हणतो, हा तोच. दोन्ही एकत्र आले की ओळख पटते. नुसते डोळे पुरत नाहीत आणि नुसता संस्कारही पुरत नाही.

फोटो बघताना आपल्याला जे होतं ते स्मृतीपेक्षा या प्रत्यभिज्ञेच्या जवळचं आहे. कागद समोर आहे, डोळे बघताहेत, आणि आतून कुणीतरी म्हणतं, ही तीच. आई. पण ज्याने आईला कधी पाहिलंच नाही त्या नातवाचं काय? त्याच्याकडे संस्कार नाही. त्याला दिसतं ते नऊवारीतलं एक बाईमाणूस, हातात रुमाल, शेजारी स्टुलावर कुंडी. त्याला ओळख पटू शकत नाही. त्याच्यासाठी एकच प्रमाण उरतं, शब्द. विश्वासू माणसाने सांगितलेलं. 'अरे, ही तुझी पणजी, सुगरण होती पण भारी तापट.' हे वाक्य उच्चारलं गेलं तर फोटो घरातला. नाहीतर तो जुन्या बाजारातल्या कुठल्याही फोटोसारखा, कपडे बघण्यापुरता.

फ्रान्समधल्या रोलाँ बार्त यांचं फोटोविषयीचं छोटं पुस्तक १९८० साली आलं. आई १९७७ मध्ये गेली, आणि तिचे फोटो चाळताना त्यांना एका फोटोत ती खरोखर सापडली. त्या फोटोत ती पाच वर्षांची आहे, भाऊ शेजारी उभा आहे, काचेच्या बागघरात. सबंध पुस्तक या फोटोभोवती फिरतं, पुस्तकात इतर कितीतरी फोटो छापलेत, आणि हा एक फोटो छापलेलाच नाही! कारण ते सांगतात की तुमच्या दृष्टीने तो एक साधा फोटो असेल. लोकांना ही मोठी साहित्यिक खेळी वाटते. मला ती साधी न्यायशास्त्रातली गोष्ट वाटते. वाचकाकडे संस्कार नाही, तर प्रत्यभिज्ञा कुठून होणार? बार्त यांनी फोटो दिला नाही, शब्द दिला. आणि गंमत बघा, आपण त्यांच्या आईला न बघता ओळखायला लागतो.

पण बार्त जिथे थांबतात तिथे मला थांबावंसं वाटत नाही. त्यांचं सगळं लक्ष एका चेहऱ्यावर आहे. आपल्याकडचा घरातला फोटो एका चेहऱ्याचा नसतोच. तो असतो गट फोटो. तो कसा वाचायचा ते पाहू.

मधे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी. आजोबांची काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. मागे उभे मुलगे, त्यांच्या शेजारी सुना, डोक्यावरून पदर. पुढे सतरंजीवर पोरं, त्यातलं एक हमखास हललेलं. ही मांडणी फोटोग्राफरने केलेली नाही. ती घराने शेकडो पंगतींत आणि लग्नांत आधीच करून ठेवलेली आहे. फोटोग्राफर फक्त 'हनुवटी खाली' म्हणाला. आता कडेला बघा. अगदी टोकाला, अर्धी खांबामागे, एक बाई आहे. विधवा आत्या किंवा मावशी. मंगलकार्याच्या फोटोत तिला मधे घेत नसत. आणि जो कॅमेरा धरून उभा आहे तो तर फोटोत नाहीच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी १९६५ च्या आपल्या अभ्यासात दाखवलं की घरगुती फोटो हा कुटुंबाचा विधी असतो, कुटुंब स्वतःला आपण एक आहोत हे सांगत असतं. बरोबर आहे. मी एवढंच जोडतो की प्रत्येक विधीत कुणाला कुठे उभं करायचं हेही ठरलेलं असतं. अल्बमची समीक्षा करायची तर मधल्या खुर्चीपासून सुरुवात करू नये, कडेपासून करावी.

आमच्या घरी असा एक फोटो आहे, साधारण १९५५ च्या आसपासचा. एकवीस माणसं. अठरांची नावं माझे वडील सांगत. तीन बायका राहतात. त्यांतली एक दारात, हातात तान्हं मूल. वडील गेले, काका गेले, दोन्ही आत्या गेल्या. आता त्या बाईकडे बघून 'ही तीच' म्हणणारं जगात कुणी उरलेलं नाही. फोटो उत्तम आहे, चेहरा स्पष्ट आहे, डोळे थेट कॅमेऱ्यात. फोटो शाबूत आहे, बाई हरवली आहे.

फोटोचं हे प्रकरण आपल्याकडे फार जुनं आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पण सामान्य घरात फोटो पोचायला शंभर वर्षं गेली. माझ्या पिढीला फोटो मिळाला तो डबा कॅमेऱ्याने, एका रोलमध्ये बारा. बारा म्हणजे वर्षाला काय काय टिपायचं हे ठरवावं लागे. मुंज, बारसं, बोरन्हाणातले हलव्याचे दागिने, आणि डोहाळजेवण, ते तर स्टुडिओत जाऊन, पुठ्ठ्याच्या चंद्रात बसून. भांडण कुणी टिपलं नाही. आजारपण नाही. चुलीपाशी घामाघूम झालेली बाई नाही. कितीतरी कष्टकरी बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो शेषन निवडणूक आयुक्त असताना मतदार ओळखपत्र आलं तेव्हा. म्हणजे कुटुंबाने नाही, सरकारने काढला. आणि पुढे ती गेली की तोच फोटो मोठा करून, मागचा रंग बदलून, हार घालून भिंतीवर. आपल्या आसपासच्या घरांत बघा, असे किती आहेत.

आता भिवंडीचा फोटो. यंत्रमागावर काम करायला तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली. बारा बारा तासांची पाळी, कानात खटाखट, अंगावर कापसाची पिंज. सुट्टीच्या दिवशी हा माणूस आंघोळ करून, केसाला तेल लावून स्टुडिओत जायचा. मागे पडदा, पडद्यावर ताजमहाल नाहीतर बंगला. हातात घड्याळ दिसेल असा हात ठेवायचा. तो फोटो मुलखाला पाठवायचा. या फोटोत माग नाही, खोली नाही, पाळी नाही. मग तो खोटा आहे का?

सूझन सोनटॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय की एकत्र कुटुंबं फुटत गेली, माणसं पांगली, आणि नेमक्या त्याच काळात फोटोने त्या पांगलेल्या नात्यांची जागा भरायला सुरुवात केली. त्यांचा सूर थोडा संशयाचा आहे, जणू फोटो म्हणजे नात्याची नक्कल. मला हे अर्धंच पटतं. तो स्टुडिओतला फोटो माहितीपत्रक नव्हतं, ते पत्र होतं. 'मी बरा आहे, काळजी करू नका.' आई मुलाला पत्र लिहिते तेव्हा गुडघा दुखतो हे लिहीत नाही, म्हणून आपण तिला खोटारडी म्हणतो का? खोटेपणा येतो तो नंतर. पन्नास वर्षांनी नातू तो फोटो बघून म्हणतो, 'आमचे आजोबा काय ऐटीत राहायचे!' आणि बारा तासांची पाळी सांगायला कुणी उरलेलं नसतं. रंग तेव्हा खोटा होतो, जेव्हा खालच्या कापडाचा पोत सांगणारा जातो. स्मरणरंजनावर माझा आक्षेप एवढाच आहे. रंगाला माझी हरकत नाही.

याचं उलट उदाहरणही देतो, म्हणजे शब्द राहिला तर काय होतं त्याचं. दादासाहेब फाळक्यांचा 'कालियामर्दन', १९१९. त्यात बाळकृष्ण झाली आहे त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होण्याआधी ती पडद्यावर येते आणि नुसत्या चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते. मग तिचा कृष्ण होतो. आपण त्याला चित्रपटाचा इतिहास म्हणतो. मला तो बापाने काढलेला लेकीचा फोटो वाटतो. फाळके मुळात फोटोग्राफर, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता, तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. घरात सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या कामात हात लावत, मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास. सबंध कुटुंब कॅमेऱ्याच्या पुढे नाहीतर मागे. आज शंभराहून जास्त वर्षांनी ती छोटी मुलगी हसते तेव्हा आपण म्हणू शकतो, ही मंदाकिनी. कारण कुणीतरी सांगितलं, लिहिलं, जपलं. नाव नसतं तर ती फक्त कृष्ण राहिली असती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचं नाव 'स्मृतिचित्रे'. त्यात चित्रं सगळी शब्दांची. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम अपुरं होतं, ते त्यांच्या मुलाने पुरं केलं. मुलाचं नाव देवदत्त! नैयायिकांना आनंद झाला असता. (हशा) पण मुद्दा गंभीर आहे. आईची आठवण पुरी करायला पुढच्या पिढीतलं कुणीतरी लागतं.

आता मोबाइल. तरुण मंडळी म्हणतील, सर, हे सगळं बारा फोटोंच्या जमान्यातलं. आमच्या फोनमध्ये वीस हजार आहेत. मान्य. आणि त्याने काही चांगलंही झालं. चुलीपाशी बसलेली आई आता फोटोत आली, भांडणानंतरचा रुसलेला चेहरा आला, कडेची आत्या मधे आली. पण एक बघा. तुमचा फोन चेहरे ओळखतो. लहानपणीचा आणि आत्ताचा चेहरा जुळवून सांगतो, हे एकच माणूस. म्हणजे 'हा तोच' एवढं यंत्राला जमलं. आणि मग तो काय करतो? गोल चौकटीत चेहरा दाखवून खाली रिकामी जागा ठेवतो आणि तुम्हालाच विचारतो, हे कोण? यंत्रसुद्धा शब्दाची वाट बघतं. ती जागा आपण भरत नाही. वीस हजार फोटो आणि नाव एकालाही नाही.

२६ जुलै २००५ ला आपल्या या भागात पाणी भरलं ते इथल्या पंचवीस-तिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. धान्य गेलं, गाद्या गेल्या, आणि अल्बम गेले. लोक चिकटलेली पानं उन्हात वाळत घालत होते. कागद जाणारच. काळेपांढरे जुने फोटो बरे टिकतात, पण सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो पुराशिवायही लाल पडत चाललेत. आजीचं लग्न स्पष्ट दिसतं आणि आईचं पुसट, असं अनेक घरांत आहे. त्याला इलाज थोडा आहे. पण नाव जातं त्याला पाणी लागत नाही, आणि त्याला इलाज आपल्या हातात आहे.

म्हणून तत्त्वज्ञान संपवून एक साधं काम सांगतो. घरी जा, अल्बम काढा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, शाई उमटते. नाव, नातं, गाव. जमलं तर त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. आणि मधल्या खुर्चीपासून सुरू करू नका. आधी विचारा, ही कडेची कोण? घरात म्हातारं माणूस तुम्हीच असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका.

मला एवढंच सांगायचं होतं.  आता प्रश्न विचारा, आणि कुणी घरचा फोटो बरोबर आणला असेल तर तो आधी बघू.