माहितीपटाचं परीक्षण : आपण नेमकं काय तपासतो?

मित्रहो, सुरुवात एका परीक्षणापासूनच करू. १९२६ साली जॉन ग्रीअर्सन यांनी न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकात रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटावर लिहिलं आणि त्यात ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला. पुढे या साऱ्या प्रकाराला तेच नाव चिकटलं. म्हणजे बघा, या चित्रप्रकाराचं बारसं एका परीक्षकाने केलं. तेव्हा परीक्षकाची जबाबदारी जरा जास्तच, असं म्हणायला हरकत नाही.

मराठीत आपण त्याला ‘माहितीपट’ म्हणतो. या शब्दाने आपलं थोडं नुकसान केलं, असं आमचं मत आहे. आमच्या पिढीला आठवत असेल, थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा. धरण, खत, कुटुंबनियोजन. निम्मे प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर चहा पिऊन यायचे. माहिती मिळाली की काम झालं, अशी सवय आपल्याला तिथून लागली. महोत्सवातून बाहेर पडतानाही आपण म्हणतो, ‘विषय फार महत्त्वाचा होता हो!’ अहो, विषय महत्त्वाचा होता हे पत्रिकेतच छापलेलं होतं. चित्रपटाबद्दल तुम्ही काय सांगितलंत?

मुंबईचा माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० साली सुरू झाला. आम्ही तो पुष्कळ वर्षं पाहिला. तिथलं वातावरण ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. दिवसाला चार-पाच चित्रपट, मध्ये घाईघाईत खाल्लेला वडापाव. चित्रपट संपतो, दिवे लागतात, दिग्दर्शक समोर उभा असतो, डोळे ओले असतात. अशा वेळी टाळ्या न वाजवणं जवळजवळ असभ्यपणाचं वाटतं. आणि त्याच रात्री परीक्षण लिहायचं असतं.

आमच्याकडून झालेली एक चूक इथे सांगतो. एका महोत्सवात आम्ही दुष्काळावरचा एक माहितीपट पाहिला. त्यात एक बाई कर्जाबद्दल बोलता बोलता रडू लागतात. सगळं सभागृह उभं राहिलं, आम्हीही राहिलो. रात्री लिहिलं, ‘हा क्षण अस्सल आहे.’ काही महिन्यांनी एक जुना विद्यार्थी भेटला. तो त्याच गावात शिक्षक होता. म्हणाला, ‘सर, त्या बाईंना दोनदा बोलायला लावलं होतं. पहिल्या वेळी वाऱ्यामुळे आवाज नीट आला नव्हता.’

आता प्रश्न असा, की तो क्षण खोटा होता का? बाईंचं दुःख खरं होतं, कर्ज खरं होतं, दुसऱ्यांदा आलेलं रडूही बहुधा खरंच असणार. फ्लॅहर्टी यांनी १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये उजेड मिळावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधून घेतलं होतं. बंदूक वापरणाऱ्या लोकांना भाल्याने शिकार करायला लावलं होतं. तेव्हा रचना करणं हे माहितीपटाच्या जन्मापासून चालत आलंय. त्यावरून लगेच कुणाला खोटारडा ठरवू नये.

आमची चूक वेगळी होती. माहितीपट दोन विधानं करत असतो. एक, ‘हे असं घडलं.’ दुसरं, ‘हे घडताना मी तिथे होतो.’ पहिलं विधान आपण तपासतो, दुसरं तसंच सोडून देतो. कॅमेरा तिथे कसा पोचला, कोणत्या नात्याने, काय कबूल करून? हे आम्ही विचारलंच नाही. ‘अस्सल’ हा शब्द लिहून आम्ही पुढे गेलो.

एक अलीकडचं उदाहरण घ्या. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या स्त्री पत्रकारांवर आहे. २०२१ साली सनडान्स महोत्सवात त्याला पारितोषिकं मिळाली, पुढे ऑस्करचं नामांकनही. ऑस्कर सोहळ्याच्या आधी, मार्च २०२२ मध्ये, खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं. चित्रपट प्रभावी आहे हे त्यांनी मान्य केलं. मात्र आपलं सारं लक्ष एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनावर आहे असं जे चित्र उभं राहतं, ते बरोबर नाही, असंही सांगितलं.

बरं का, यात चित्रपटातली माणसंच नेहमी बरोबर, असं आम्ही म्हणत नाही. संकलन म्हणजे निवड आणि ती दिग्दर्शकाची असणार. पण परीक्षकाने तासभर ‘खबर लहरिया’च्या बातम्या चाळल्या असत्या, तर ही निवड त्याला निवड म्हणून दिसली असती. जे पडद्यावर आलं तेवढंच ते वृत्तपत्र, असं त्याने धरलं नसतं.

आता याउलट आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धनांनी त्यांचं गाणं १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये चित्रित केलेलं होतं. म्हणजे कॅमेरा तिथे का आला, याचं उत्तर चित्रपटातच आहे : ओळखीचा माणूस गेला म्हणून. पुढची चौदा वर्षं तो तिथे जात राहिला. म्हणून चित्रपट निर्दोष ठरतो का? नाही. पटवर्धनांचे काही प्रश्न आम्हाला उत्तर आधीच ठरवून विचारलेले वाटतात. पण ते प्रश्न आपल्याला ऐकू येतात, त्यांच्याच आवाजात. त्यामुळे भांडायला जागा राहते. दुष्काळाच्या त्या चित्रपटात प्रश्न कापून टाकलेले होते. उरले होते फक्त बाईंचे अश्रू.

तरुण परीक्षक आम्हाला विचारतात, महोत्सवात कसं पाहावं? एवढंच सांगतो. शक्य असेल तर त्याच रात्री लिहू नका. आणि दिवे लागल्यावर दिग्दर्शकाला एक साधा प्रश्न विचारा : यातल्या माणसांनी हा चित्रपट पाहिला का, आणि पाहून ती काय म्हणाली? उत्तर काय मिळतं, किंवा कसं टाळलं जातं, यातून तुमच्या परीक्षणाचा निम्मा मजकूर तयार होईल.

त्या बाईंना तो चित्रपट कुणी दाखवला का, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. दिग्दर्शक चार हातांवर उभा होता. विचारायची तीच वेळ होती आणि आम्ही तेव्हा टाळ्या वाजवत होतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.